शोधपत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर स्वतः कसा तपासावा: पीएच.डी.ला नव्याने लागलेल्यांसाठी

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अर्थशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी मोबाइल पुढे करत आली. लातूरच्या बाजारातील सोयाबीनच्या दरांमधील चढउतार हा तिचा विषय आहे. मोबाइलवर व्हॉट्सॲपचा एक संदेश होता: शोधनिबंध पाठवा, तीन दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र, इम्पॅक्ट फॅक्टर ८.१४, फी १२०० रुपये. तिने विचारले, "सर, आठच्या वर आहे म्हणजे जर्नल चांगलंच असेल ना?"

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. प्रबंध सादर करायचा असो, नोकरीची मुलाखत असो किंवा पदोन्नतीची फाइल असो, पेपर कुठे छापला आणि त्या जर्नलचा आकडा किती, हे विचारले जातेच. तो आकडा कोणी काढला, कोणत्या वर्षांच्या निबंधांवरून काढला आणि कशाने भागून काढला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आकडा जर्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा प्रमाणपत्रावरून न घेता तो जिथे तयार होतो तिथे जाऊन पाहायचा, एवढी एक सवय लावण्यासाठी हा लेख लिहिला आहे. त्याला अर्धा तास पुरतो आणि जवळजवळ सगळे फुकटात होते.

आधी आकड्याचे गणित

एखाद्या शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत दुसऱ्या निबंधाचा उल्लेख येतो, त्याला बोलताना आपण सायटेशन म्हणतो. इथे मी त्याला संदर्भोल्लेख म्हणेन. असे उल्लेख मोजून विज्ञानातील लेखनाचा माग काढता येईल, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. त्यांनी फिलाडेल्फियात स्थापन केलेल्या संस्थेने पुढे संदर्भोल्लेखांची मोठी सूची तयार केली आणि १९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' हा वार्षिक अहवाल निघू लागला. मर्यादित खर्चात कोणत्या शोधपत्रिका घ्याव्यात, हे ठरवायला ग्रंथपालांना या आकड्याचा मोठा उपयोग झाला. माणसांचे मोल त्यावरून ठरवण्याची पद्धत नंतर पडली. गारफिल्ड यांचा तो व्यवसाय पुढे थॉमसन रॉयटर्सकडे आणि २०१६ मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीकडे गेला. म्हणून आज 'इम्पॅक्ट फॅक्टर' या शब्दाने जे अभिप्रेत असते, तो आकडा फक्त क्लॅरिव्हेटच्या या अहवालात असतो.

त्याची व्याख्या साधी आहे. एखाद्या पत्रिकेने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखनाला चालू वर्षात जितके संदर्भोल्लेख मिळाले, त्या संख्येला त्या दोन वर्षांत छापलेल्या शोधनिबंधांच्या व आढावा-लेखांच्या संख्येने भागायचे. समजा, एका काल्पनिक पत्रिकेने २०२२ मध्ये ५८ आणि २०२३ मध्ये ६७, म्हणजे एकूण १२५ निबंध छापले आणि २०२४ या एका वर्षात त्यांचा १५० वेळा उल्लेख झाला. १५० भागिले १२५, म्हणजे १.२ हा तिचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला आणि तो जून २०२५ च्या अहवालात दिसला. गेल्याच वर्षी सुरू झालेल्या पत्रिकेने आठचा इम्पॅक्ट फॅक्टर सांगावा, हे या व्याख्येतच बसत नाही, कारण भागाकाराला लागणारी दोन वर्षे तिच्याकडे नसतात.

आता त्या ८.१४ कडे पुन्हा पाहू. क्लॅरिव्हेटच्या अहवालात पूर्वी हा आकडा दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत दिला जात असे. २०२३ च्या अहवालापासून तो एकाच अंकापर्यंत दिला जातो. म्हणजे ८.१४२ असा जुना आकडा असू शकतो, ८.१ असा नवा असू शकतो, ८.१४ हे रूप मात्र जुन्या पद्धतीत बसत नाही आणि नव्याही नाही. कोणी अंक कापून लिहिला असण्याची शक्यता धरली, तरी आकडा पाहताच थांबून विचार करायला एवढे पुरे आहे. विद्यार्थिनीला मी हे दाखवले तेव्हा तिने तो संदेश पुन्हा नीट वाचला आणि तिच्या लक्षात आले की संदेशात वर्षच दिलेले नाही.

सरासरी फसवते ती कशी

वरच्या उदाहरणातले १५० उल्लेख १२५ निबंधांना सारखे वाटून मिळालेले नसतात. समजा त्यातले ९० उल्लेख तीनच निबंधांना मिळाले, तर उरलेल्या १२२ निबंधांच्या वाट्याला ६० आले, म्हणजे सरासरी अर्ध्याच्याही खाली. तुमचा निबंध त्या तिघांत असेल की एकशेबावीसांत, हे पत्रिकेच्या १.२ वरून कळत नाही.

हे किती टोकाला जाऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण स्फटिकशास्त्रातील आहे. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये साधारण दोन होता, तो २००९ मध्ये एकदम ४९.९ झाला, पुढच्या वर्षी ५४ च्या पुढे गेला आणि २०११ मध्ये पुन्हा दोनवर आला. पत्रिका, संपादक आणि विषय तेच होते. फरक पडला तो जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या २००८ मधील एका निबंधामुळे. स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या त्यांच्या संगणक-प्रणालीचा इतिहास त्यात होता आणि ती प्रणाली वापरणारा जवळपास प्रत्येक जण त्याचा उल्लेख करत होता. दोन वर्षांची खिडकी पुढे सरकली आणि आकडा खाली आला. एका पावसात भरलेला आणि उन्हाळ्यात तळ दाखवणारा तलाव आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

भागाकारात आणखी एक खाच आहे. अंशात पत्रिकेतील सर्व प्रकारच्या लेखनाचे उल्लेख धरले जातात, पण छेदात फक्त निबंध आणि आढावा-लेख मोजले जातात. त्यामुळे संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेले उल्लेख वरती येतात, खाली मात्र त्यांची मोजणी होत नाही. काही संपादक लेखकांना 'आमच्याच पत्रिकेतील चार संदर्भ घाला' असे सुचवतात, तर काही पत्रिका परस्परांचे उल्लेख ठरवून वाढवतात. असे आढळले की क्लॅरिव्हेट त्या पत्रिकेचा आकडा रोखून धरते. मागे घेतलेल्या निबंधांनी केलेले आणि अशा निबंधांना मिळालेले उल्लेखही २०२५ च्या अहवालापासून अंशातून वगळले आहेत. निबंध स्वीकारण्याआधी कोणी संदर्भ वाढवण्याची अट घातली, तर ते संदर्भ विषयाला खरोखर लागतात का, हे गाईडला विचारूनच पुढे जावे.

दुसरे आकडे

स्कोपस हा एल्सव्हिअर या प्रकाशकाचा संदर्भोल्लेखांचा माहितीसंच २००४ पासून आहे आणि त्यावर आधारलेला साइटस्कोर २०१६ मध्ये आला. २०२० पासूनच्या पद्धतीत तो चार वर्षांवर काढला जातो: चार वर्षांत छापलेल्या लेखनाला त्याच चार वर्षांत मिळालेले उल्लेख, भागिले त्या लेखनाची संख्या. कालखंड मोठा असल्यामुळे साइटस्कोर बहुधा त्याच पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो, म्हणून एका पत्रिकेचा साइटस्कोर आणि दुसरीचा इम्पॅक्ट फॅक्टर शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे क्विंटल आणि किलो एकाच रकान्यात लिहिणे होय.

एसजेआर हा स्पेनमधील सिमागो गटाचा आकडा स्कोपसच्याच माहितीवर काढतात, पण त्यात प्रत्येक उल्लेखाचे वजन सारखे नसते. प्रतिष्ठित पत्रिकेतून आलेला उल्लेख जास्त भरतो. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातून आलेला स्निप हा आकडा विषयाविषयांतील फरक समतोल करतो. गूगल स्कॉलर एच-५ निर्देशांक देते. एच-५ जर १७ असेल, तर गेल्या पाच पूर्ण वर्षांतील किमान १७ लेखांना प्रत्येकी किमान १७ उल्लेख मिळाले, असा त्याचा अर्थ होतो. मुळात हा एच-निर्देशांक होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये व्यक्तीच्या कामासाठी मांडला होता. नवख्याने सुरुवातीला साइटस्कोर आणि एसजेआर हे दोन आकडे वाचायला शिकले तरी चालते, कारण ते दोन्ही विनामूल्य दिसतात.

प्रत्यक्ष तपासणी

पहिली पायरी आयएसएसएन पाहण्याची. हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकांचा क्रमांक असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो. कागद-पेन घेऊन हे करून पाहावे. मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'चा क्रमांक ००१२-९९७६ असा आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणायचे: शून्य, शून्य, ६, १०, ३६, २७ आणि १४, बेरीज ९३. ९३ ला ११ ने भागल्यावर बाकी ५ उरते. ११ मधून ५ वजा केले की ६, आणि शेवटचा अंक ६ आहे. बाकी शून्य आली तर शेवटचा अंक शून्य असतो आणि वजाबाकीचे उत्तर १० आले तर तिथे एक्स हे रोमन अक्षर येते. हिशेब जुळला नाही, तर क्रमांक चुकीचा छापला आहे किंवा बनावट आहे.

मात्र हिशेब जुळला म्हणून पत्रिका चांगली ठरत नाही. आयएसएसएन हा सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा आहे: त्यावरून जमीन कोणती ते कळते, ती काळी कसदार आहे की मुरमाड, हे कळत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या संदेशातील जर्नलचा क्रमांक तंतोतंत जुळला होता. नवखे इथेच निर्धास्त होतात, म्हणून पुढची पायरी महत्त्वाची आहे.

दुसऱ्या पायरीत क्लॅरिव्हेटची 'मास्टर जर्नल लिस्ट' उघडावी. ती पाहायला पैसे लागत नाहीत. शोधाच्या चौकटीत पत्रिकेचे नाव न घालता आयएसएसएन घालावा, कारण एकसारख्या नावांच्या अनेक पत्रिका असतात आणि फसवणाऱ्यांना हे माहीत असते. पत्रिका सापडली तर ती कोणत्या सूचीत आहे, ते लिहून घ्यावे. सापडली नाही, तर तिला इम्पॅक्ट फॅक्टर नाही. मग तिच्या संकेतस्थळावर तो कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेला असो. अशा वेळी त्या शब्दांच्या आधी 'जागतिक' किंवा 'आंतरराष्ट्रीय' या अर्थाचे एखादे भारदस्त इंग्रजी विशेषण जोडलेले आढळते. फी घेऊन आकडा बहाल करणाऱ्या कंपन्यांचा हा वेगळाच बाजार आहे आणि त्या आकड्याचा गारफिल्ड यांच्या भागाकाराशी काहीही संबंध नसतो. प्रत्यक्ष इम्पॅक्ट फॅक्टरचा पूर्ण अहवाल वर्गणी भरणाऱ्या संस्थांनाच दिसतो, म्हणून त्यासाठी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी.

तिसरी पायरी स्कोपसच्या 'सोर्सेस' या पानाची. हेही विनामूल्य आहे. वरच्या यादीतून आयएसएसएन हा पर्याय निवडून क्रमांक टाकला की साइटस्कोर, विषयातील शतमान (पर्सेंटाइल), उल्लेखांची संख्या आणि लेखांची संख्या एका ओळीत दिसते. त्याच ओळीत किती टक्के लेखांचा किमान एकदा उल्लेख झाला, याचाही रकाना असतो. मला स्वतःला साइटस्कोरपेक्षा हा रकाना जास्त बोलका वाटतो, कारण तीन निबंधांनी फुगवलेली सरासरी तिथे उघडी पडते. त्यानंतर पत्रिकेच्या नावावर टिचकी मारून स्कोपसने ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतली आहे ते पाहावे. अनेक पत्रिका एके काळी स्कोपसमध्ये होत्या आणि नंतर काढल्या गेल्या, पण त्यांच्या मुखपृष्ठावरचे स्कोपसचे चिन्ह तसेच राहिले आहे.

चौथ्या पायरीत सिमागोच्या संकेतस्थळावर तीच पत्रिका शोधून तिचा क्वार्टाइल पाहावा. एखाद्या विषयातील पत्रिका उतरत्या क्रमाने लावून चार समान भाग केले, की वरचा भाग क्यू-१ आणि तळाचा क्यू-४. एकच पत्रिका अर्थशास्त्रात क्यू-३ आणि कृषिविज्ञानात क्यू-२ असू शकते, म्हणून 'क्यू-२ जर्नल' एवढेच न लिहिता विषय आणि वर्ष दोन्ही लिहावे.

पाचवी पायरी नकली संकेतस्थळांसाठी आहे. खऱ्या, जुन्या पत्रिकेचे नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब दुसरे संकेतस्थळ उभे केले जाते आणि तिथे फी गोळा केली जाते. वरच्या चारही तपासण्या अशा वेळी उत्तीर्ण होतात, कारण क्रमांक खऱ्याचाच असतो. म्हणून संदेशातील दुव्यावरून कधीही जाऊ नये. मास्टर लिस्ट किंवा स्कोपसच्या पानावर मिळालेल्या प्रकाशकाच्या नावावरून मूळ संकेतस्थळ गाठावे आणि दोन्ही पत्ते अक्षर न अक्षर ताडून पाहावेत.

विषय ओलांडून तुलना नको

'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स' या पत्रिकेचा २०२२ चा इम्पॅक्ट फॅक्टर २५४.७ होता. कर्करोगाची वार्षिक आकडेवारी तिच्यात छापली जाते आणि त्या विषयावर लिहिणारे अनेक जण आपल्या निबंधात तिचाच उल्लेख करतात. गणितात मात्र चार-पाचचा आकडाही उत्तम मानला जातो, कारण तिथे संदर्भसूची लहान असते आणि एखादे प्रमेय उपयोगात यायला दोन वर्षे पुरत नाहीत. त्यामुळे पदोन्नतीच्या समितीपुढे गणिताच्या प्राध्यापकाचा १.१ आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकाचा ५.३ एकमेकांशेजारी ठेवले जातात, तेव्हा त्यातून दोन विषयांच्या सवयी कळतात, दोन माणसांचा दर्जा कळत नाही.

तरीही नियमांत आकडा आहे आणि तो माहीत असावा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण दिले आहेत: आकडा नसलेल्या पण तज्ज्ञांनी तपासलेल्या पत्रिकेतील निबंधाला ५, एकपेक्षा कमी असल्यास १०, एक ते दोनला १५, दोन ते पाचला २०, पाच ते दहाला २५ आणि दहाच्या पुढे ३०. हा आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरावा, असे त्यात म्हटले आहे. २०१६ मध्येच विकून टाकलेल्या यादीचे जुने नाव सरकारी नियमात राहून जावे, यात आपल्याला नवल वाटू नये. व्यवहारात त्याचा अर्थ क्लॅरिव्हेटचा आकडा असाच घ्यायचा.

अनेकांना अजून यूजीसीची मान्य पत्रिकांची 'केअर लिस्ट' विचारली जाते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कक्षाच्या मदतीने तयार झालेली ही यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. आता पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आहे आणि त्यासाठी आयोगाने मार्गदर्शक निकष सुचवले आहेत. म्हणून छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात नोंदणी असलेल्यांनी आपल्या संशोधन केंद्राने कोणते निकष स्वीकारले आहेत, ते लेखी मागून घ्यावेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांना याशिवाय नास गुणांकन पाहावे लागते. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी हे गुणांकन दरवर्षी जाहीर करते. ज्या पत्रिकेला क्लॅरिव्हेटचा आकडा आहे तिच्या आकड्यात ६ मिळवले जातात आणि कमाल मर्यादा २० आहे. ज्या पत्रिकेला तो नाही तिचे गुण ६ च्या आत राहतात. म्हणून कोणी '७.२ चे जर्नल' म्हणाले, तर तो इम्पॅक्ट फॅक्टर आहे की नास गुण, हे आधी विचारावे. नास गुणांत ७.२ म्हणजे मूळ आकडा १.२.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

इथे माझे थोडे गाऱ्हाणे आहे. मुकुंदराजांवर, निजामकालीन महसुलावर किंवा गोदाकाठच्या ओव्यांवर मराठीत लिहिणाऱ्या संशोधकाला या आकड्यांचा जवळजवळ काहीच उपयोग नाही, कारण मराठी नियतकालिके या सूच्यांत क्वचितच असतात आणि मराठी ग्रंथांतील तळटीपा तिथे मोजल्या जात नाहीत. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेल्या 'अस्मितादर्श' या त्रैमासिकाने दलित साहित्याच्या किती लेखकांना घडवले, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, पण त्या प्रभावासाठी कोणत्याही भागाकारात जागा नाही. अशा विषयांत संपादक मंडळावर कोण आहे, निबंध खरोखर तज्ज्ञांकडे जातो का, मागील पाच-सहा अंकांत काय दर्जाचे लेखन आले आणि आपल्या विषयातील जाणते लोक ते नियतकालिक वाचतात का, या प्रश्नांची उत्तरे अंक हातात घेऊनच शोधावी लागतात. आकड्यावरून एकट्या निबंधाची किंवा व्यक्तीची पारख करू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेला जाहीरनामाही सांगतो आणि जगभरातील अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. समितीपुढे बाजू मांडताना त्याचा आधार घेता येतो.

फाइलमध्ये काय ठेवावे

निबंध पाठवण्याच्या दिवशी आणि तो छापून आल्याच्या दिवशी, असे दोन वेळा मास्टर लिस्ट, स्कोपस आणि सिमागो या तिन्ही पानांची छापील प्रत काढावी. पानावर तारीख आणि संकेतस्थळाचा पत्ता दिसेल अशी काळजी घ्यावी. पत्रिका पुढे सूचीतून बाहेर गेली, तर निबंध छापला तेव्हा ती सूचीत होती, हे दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात. जर्नलने पाठवलेले रंगीत प्रमाणपत्र त्या फाइलमध्ये लावले नाही तरी चालते. विद्यार्थिनीने आयएसएसएन टाकला तेव्हा ते जर्नल मास्टर लिस्टमध्ये सापडले नाही आणि स्कोपसमध्येही सापडले नाही. तिने १२०० रुपये भरले नाहीत आणि ग्रंथालयाच्या त्याच संगणकावर कृषी-अर्थशास्त्राच्या पत्रिका सिमागोच्या यादीत एकेक करून पाहायला बसली.